जैवतंत्रज्ञान आणि उद्याचे जग मांडणारी संग्रहालये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुटीत कॅलिफोर्नियातील मुलाकडे गेलेले आजी-आजोबा, दुबईतील नातलगांकडे निघालेली कुटुंबे आणि बंगळुरूला विद्यार्थ्यांची सहल नेऊ पाहणारे शिक्षक यांना अलीकडे एका नव्या प्रकारच्या दालनात पाऊल ठेवावे लागते. तेथे जिवाणू, पेशी आणि बुरशी ही प्रदर्शनाची सामग्री असते आणि विषय असतो अजून न आलेला काळ. अशा भेटीपूर्वी आणि भेटीनंतर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

अशा दालनात नेमके काय पाहायला मिळते?

जिवंत पेशींकडून किंवा त्यांच्या घटकांकडून काम करून घेणे म्हणजे जैवतंत्रज्ञान, अशी सोपी व्याख्या केली तर रात्री दुधाला विरजण लावणारी प्रत्येक व्यक्ती त्यात मोडते. फरक एवढाच की आज जिवाणूच्या सवयींचा उपयोग करून घेण्यावर न थांबता त्याच्या जनुकांतच बदल करता येतो. या दालनांत तीन गोष्टी एकत्र येतात : प्रत्यक्ष हाताने करायचा प्रयोग, पडद्यावर किंवा ठोकळ्यांनी जुळवायची काल्पनिक सजीवरचना, आणि कलावंतांनी उभी केलेली भविष्यातील एखादी खोली, वस्तू किंवा वास. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ‘द टेक इंटरॅक्टिव्ह’ या संग्रहालयात (२०१९ पूर्वी त्याचे नाव ‘द टेक म्युझियम ऑफ इनोव्हेशन’ होते) पहिल्या दोन प्रकारांवर भर दिसतो, तर दुबईच्या ‘म्युझियम ऑफ द फ्यूचर’मध्ये तिसऱ्यावर. ॲमस्टरडॅममध्ये २०१४ साली उघडलेले ‘मायक्रोपिया’ हे संग्रहालय सूक्ष्मजीवांनाच वाहिलेले आहे.

आपल्याकडील विज्ञान केंद्रांपेक्षा हे वेगळे कसे?

मुंबईत वरळीला १९८५ साली सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रामन विज्ञान केंद्र किंवा पणजीत मिरामारला असलेले गोवा विज्ञान केंद्र पाहिलेल्यांना यंत्र हाताळून शिकण्याची पद्धत नवी नाही. त्या पद्धतीचा मोठा उगम म्हणजे फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभारलेले ‘एक्सप्लोरेटोरियम’. परंतु लंबक कोणीही सोडला तरी तो ठरल्याप्रमाणेच झुलतो; जिवंत वस्तूचे तसे नसते. ती वाढते, कधी वाढत नाही, कधी दूषित होते, आणि प्रेक्षक निघून गेल्यावरही तिचे काम चालूच राहते. दुसरा फरक उत्तराचा आहे. लंबकाजवळच्या फलकावर उत्तर लिहिलेले असते. प्रयोगशाळेत वाढवलेले मांस खावे की नाही, याचे उत्तर फलकावर लिहिता येत नाही.

प्रेक्षकाच्या हातून खरोखर जिवाणूत बदल होतो का?

काही ठिकाणी होतो, आणि तो कसा होतो हे समजून घेतले तर भेटीची गोडी पुष्कळ वाढते.

सॅन होजेच्या संग्रहालयातील रंग निर्माण करणाऱ्या जिवाणूंचा प्रयोग याच जातीचा आहे. अशा प्रयोगांत बहुधा ई. कोलाय या जिवाणूचा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, रोग न करणारा वाण वापरतात. डीएनएचे एक लहान वर्तुळ, ज्याला प्लाझ्मिड म्हणतात, त्यात रंगीत प्रथिन बनवण्याची सूचना घातलेली असते. अशी प्रथिने मुळात प्रवाळ, समुद्रपुष्प यांसारख्या सागरी जिवांकडून घेतलेली आहेत. निळ्या किंवा अतिनील प्रकाशात हिरवे चमकणारे प्रथिन जेलीफिशचे आहे आणि त्यावरील संशोधनाला २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रेक्षक पिपेटने, म्हणजे मोजून थेंब सोडणाऱ्या नळीने, या डीएनएचा थेंब जिवाणूंच्या द्रवात सोडतो. प्रयोगशाळेतील रूढ पद्धतीत हे मिश्रण प्रथम बर्फावर ठेवतात, मग पाऊण मिनिटभर ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवतात आणि पुन्हा बर्फावर आणतात. त्या धक्क्याने काही जिवाणूंच्या आवरणातून डीएनए आत शिरतो. काहींच्याच, हे महत्त्वाचे. बहुसंख्य जिवाणू जसेच्या तसे राहतात. म्हणून पोषक थरात एक प्रतिजैविक मिसळलेले असते आणि प्लाझ्मिडसोबत त्या प्रतिजैविकाला तोंड देण्याची क्षमताही दिलेली असते, जेणेकरून बदललेलेच तेवढे जगावेत. ३७ अंशांवर रात्रभर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी बशीत रंगीत ठिपके दिसतात.

म्हणजे प्रेक्षकाला निकाल लगेच दिसत नाही. तासाभराच्या भेटीत सगळे दिसले पाहिजे, अशी आपली सवय असते, आणि ही सवय मोडणे हाच या प्रयोगाचा आमच्या मते सर्वात चांगला भाग आहे. जिवाणूला आपल्या बसची वेळ माहीत नसते.

हे सुरक्षित आहे का? लहान मुलांना नेता येईल का?

नेता येईल, मात्र सूचना पाळल्या पाहिजेत. हातमोजे घालावेत, तोंडाला व डोळ्यांना हात लावू नये, प्रयोगाच्या जागी खाऊचा डबा उघडू नये आणि निघताना साबणाने हात धुवावेत. अशा ठिकाणी जैवसुरक्षेच्या सर्वात खालच्या, म्हणजे पहिल्या पातळीतील जीवच वापरले जातात. वापरलेल्या बशा व नळ्या बाहेर टाकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवून निर्जीव करतात. घरच्या प्रेशर कुकरचाच हा थोरला भाऊ आहे, असे मुलांना सांगितले की त्यांना ते चटकन पटते.

आठ वर्षांखालील मुलांना पिपेट आवडते, परंतु जनुकाची कल्पना पोहोचत नाही. त्यांना ठोकळे जुळवून काल्पनिक प्राणी तयार करण्याच्या जागी अधिक वेळ द्यावा.

प्रदर्शनातील वस्तू जिवंत असेल, तर ती मरते तेव्हा काय होते?

या प्रश्नाचे सर्वात गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये २००८ साली घडले. पाओला अँटोनेली यांनी मांडलेल्या ‘डिझाइन अँड द इलॅस्टिक माइंड’ या प्रदर्शनात ऑरॉन कॅट्स आणि आयोनॅट झूर या ऑस्ट्रेलियास्थित कलावंत जोडीचे ‘व्हिक्टिमलेस लेदर’ ठेवले होते. काचेच्या भांड्यात, विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साच्यावर, जिवंत पेशी वाढवून केलेला तो बाहुलीला बसेल एवढा कोट होता. कोणाचाही बळी न घेता चामडे मिळू शकेल का, असा त्याचा वरवरचा प्रश्न. पेशी अपेक्षेपेक्षा वेगाने वाढल्या, यंत्रणा तुंबू लागली आणि शेवटी अँटोनेली यांना पोषक द्रवाचा पुरवठा बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला. जी वस्तू कधी जन्मली असे म्हणता येत नाही ती मारताना त्यांना अवघड गेले, आणि ते त्यांनी जाहीरपणे सांगितले.

आता नावातील मेख पाहावी. अशा पेशींना जो द्रव लागतो, त्यात त्या काळी गायीच्या गर्भातील वासराच्या रक्तापासून काढलेला सीरम मिसळला जात असे. म्हणजे ‘बळीविना’ हे नाव खरे नव्हते. ही गोष्ट कलावंतांनी लपवली नाही. उलट ती दाखवणे हाच त्यांचा हेतू होता. शाकाहारी घरांतून गेलेल्या आपल्या प्रेक्षकांनी कोणत्याही प्रयोगशाळेतील मांसासमोर किंवा चामड्यासमोर उभे राहिल्यावर प्रथम हाच प्रश्न विचारावा : या पेशींना खायला काय घालता? अलीकडे सीरमविरहित द्रव विकसित झाले आहेत, तरीही प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे मिळू शकते.

हीच जोडी प्रदर्शनाच्या अखेरीस प्रेक्षकांना पेशींना उघड्या हाताने स्पर्श करायला सांगत असे. हातावरील जंतूंनी त्या पेशी मरत. आपण एरवी ज्याला निरुपद्रवी स्पर्श म्हणतो, त्याचा हा अर्थ ध्यानात आल्यावर अनेकांचा हात मागे येणे साहजिकच आहे.

भविष्याबद्दल जे दाखवतात ते विज्ञान असते की कल्पना?

दोन्ही असते, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. दुबईचे ‘म्युझियम ऑफ द फ्यूचर’ २२ फेब्रुवारी २०२२ रोजी खुले झाले. ते प्रेक्षकाला २०७१ सालात नेते, कारण १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त अरब अमिरातींची तेव्हा शंभर वर्षे पूर्ण होतील. त्यातील एका मजल्यावर ॲमेझॉनच्या अरण्याचे डिजिटल रूप आहे आणि जवळच २,४०० प्रजातींचे प्रकाशमान नमुने मांडलेले आहेत. भिंतभर उजळलेल्या त्या काचा पाहून प्रेक्षक हरखून जातो. मात्र तेथे जपलेले जीव नसून जीवसृष्टीच्या जनुकसंग्रहाची कल्पना आहे, हे घाईत निसटते. खरा बीजसंग्रह पाहायचा असेल तर अकोले तालुक्यातील बीजमाता राहीबाई पोपेरे यांचे काम आठवावे. तेथील मडक्यांतील वाल आणि भात पुढच्या पावसाळ्यात उगवतात.

कल्पना मांडण्यात गैर काही नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये अँथनी डन आणि फिओना रेबी यांनी जी ‘स्पेक्युलेटिव्ह डिझाइन’ नावाची शाखा रुजवली, तिचा उद्देशच असा की शक्य वाटणाऱ्या उद्याची एखादी वस्तू आज तयार करावी आणि असा उद्या आपल्याला हवा आहे का, हे लोकांना ठरवू द्यावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या अनब जैन आणि त्यांचे सहकारी जॉन आर्डर्न यांच्या ‘सुपरफ्लक्स’ या डिझाइन संस्थेने २०१७ मध्ये बार्सिलोनात २०५० सालातील लंडनमधले एक राहते घर उभे केले होते. हवामानबदलामुळे अन्नधान्याची टंचाई आलेल्या त्या घरात सोफ्याच्या बाजूला मांडण्यांवर भाजी वाढत होती, स्वयंपाकाच्या पुस्तकात त्या काळाला साजेशा पाककृती होत्या आणि भाजी वाढवण्याची साधने खरोखर चालणारी होती. कोणताही फलक न वाचता प्रेक्षकाला कळे की येथे राहणारे लोक कशातून गेले आहेत. भविष्य चकचकीत करण्यापेक्षा घरगुती केले की ते अधिक खरे वाटते, असे आमचे मत आहे.

मग खरे कोठे संपते आणि कल्पित कोठे सुरू होते, हे ओळखावे कसे?

फलकावरील क्रियापदाकडे पाहावे. ‘केले आहे’, ‘करता येते’, ‘करता येईल’ आणि ‘करता आले तर’ या चार पायऱ्या आहेत. चांगले प्रदर्शन त्या वेगळ्या ठेवते. वाईट प्रदर्शन सगळ्यांना एकाच वर्तमानकाळात बसवते. शंका आली तर दालनातील मार्गदर्शकाला सरळ विचारावे : हे आज कोणत्या प्रयोगशाळेत होते आणि किती प्रमाणात?

सीमारेषा उघड ठेवूनही मन हलवता येते, याचा दाखला म्हणून २०१९ पासून प्रदर्शित होत असलेली ‘रिसरेक्टिंग द सब्लाइम’ ही मांडणी सांगता येईल. कलावंत ॲलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग, गंधकर्मी सिसेल टोलास आणि ‘जिन्को बायोवर्क्स’ या कंपनीच्या शास्त्रज्ञांनी नामशेष फुलांचा वास पुन्हा निर्माण करण्याचा हा प्रयत्न केला. त्यातील एक फूल हवाई बेटांपैकी मावी येथील, जास्वंदीच्या कुळातील होते. गुरांच्या चराऊ कुरणांपायी त्याचा अधिवास गेला आणि त्याचे शेवटचे झाड १९१२ मध्ये मरणपंथाला लागलेले आढळले. हार्वर्ड विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहातील वाळलेल्या नमुन्यातून डीएनएचे तुकडे मिळवले, त्यांतून गंध बनवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) जनुके ताडली आणि त्या विकरांपासून कोणते रेणू तयार झाले असतील याचा अंदाज बांधला. टोलास यांनी त्या रेणूंपासून वास जुळवला. मात्र प्रत्येक रेणू किती प्रमाणात होता हे डीएनए सांगत नाही. मसाल्याची यादी मिळाली, पण प्रमाण हरवले, अशी ही स्थिती आहे. हे कर्त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे, आणि त्यामुळे तो वास घेताना माणूस फसत नाही, हळहळतो.

यात शाश्वततेचा संबंध कोठे येतो?

सर्वात ठोस संबंध सामग्रीत दिसतो. बुरशीचे तंतुजाल, म्हणजे मायसेलियम, शेतातील काडीकचऱ्यात वाढवले की ते कचऱ्याला बांधून ठेवते. साच्यात ठेवून, नंतर वाळवून त्याच्या हलक्या विटा होतात. २०१४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस१’ या कलासंग्रहालयाच्या अंगणात डेव्हिड बेंजामिन यांच्या ‘द लिव्हिंग’ या संस्थेने मक्याची धाटे आणि मायसेलियम यांच्या सुमारे १० हजार विटांचा, साधारण १२ मीटर उंचीचा मनोरा उभारला. उन्हाळा संपल्यावर तो उतरवून विटांचे कंपोस्ट केले. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर जाळल्या जाताना पाहिलेल्या माणसाला या विटेत कोणत्याही परदेशी प्रेक्षकापेक्षा अधिक दिसेल. विटा भार किती पेलतात आणि पावसात किती टिकतात, हे मात्र जरूर विचारावे. मायसेलियमची खरी बाजारपेठ आजवर प्रामुख्याने वेष्टनाच्या क्षेत्रात आहे.

संग्रहालयाची इमारतही तपासावी. रिओ दि जनेरोत २०१५ च्या डिसेंबरात उघडलेल्या, सांतियागो कालात्रावा यांनी आखलेल्या ‘म्युझियम ऑफ टुमॉरो’मध्ये थंडाव्यासाठी ग्वानाबारा उपसागराचे पाणी वापरतात आणि छपरावरील सौरपट्ट्या सूर्यानुसार फिरतात. उद्याच्या पृथ्वीविषयी बोलणाऱ्या वास्तूने आजच्या विजेचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तेथे काही खायला देतात का?

क्वचित, आणि ते चाखण्यापूर्वी विचार करावा. २०१३ मध्ये डब्लिनच्या सायन्स गॅलरीत माणसाच्या त्वचेवरील जिवाणूंनी विरजलेले चीज ठेवले होते, परंतु ते पाहण्यासाठी आणि हुंगण्यासाठी होते. वर उल्लेख केलेल्या कॅट्स-झूर यांनी २००३ मध्ये फ्रान्समधील नाँत येथे बेडकाच्या पेशींपासून वाढवलेले मांस एका भोजनात वाढले. त्या पेशी ज्यांच्याकडून आल्या ते बेडूक शेजारीच जिवंत होते.

खर्च कोण करते? हा कंपन्यांचा प्रचार तर नाही?

काही संग्रहालये सरकारी पैशावर चालतात, काही देणग्यांवर, आणि जैवतंत्रज्ञानातील कंपन्याही प्रायोजक असतात. प्रायोजक असणे हा दोष नव्हे, पण प्रवेशद्वाराजवळची त्यांची नावे वाचून आत जावे. कसोटी सोपी आहे : तंत्रज्ञानाच्या अपयशाचे, वादाचे किंवा नकाराचे एकही उदाहरण संपूर्ण दालनात नसेल, तर ते दालन जाहिरातीकडे झुकलेले आहे.

आपल्याकडील प्रेक्षकाला वादाची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. बीटी कापूस २००२ पासून आपल्या शेतात आहे. विदर्भातील कोणत्याही शेतकऱ्याशी त्यावर तासभर बोलता येईल. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांपैकी एक नागपुरात झाली, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या वांग्याच्या लागवडीला स्थगिती देण्यात आली. जनुकबदल म्हणजे काय हे फलकावर वाचण्यापूर्वी आपला समाज त्यावर सभागृहात भांडला आहे. या अनुभवाचे उत्तम दालन होऊ शकेल, आणि ते नागपुरातच शोभेल.

भारतात असे प्रदर्शन कोठे पाहता येईल?

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात २००८ मध्ये सुरू झालेल्या सायन्स गॅलरीच्या परंपरेतील ‘सायन्स गॅलरी बंगळुरू’ची स्वतःची इमारत जानेवारी २०२४ मध्ये ‘कार्बन’ या प्रदर्शनाने खुली झाली. तेथील प्रवेश विनामूल्य असून भर प्रामुख्याने तरुणांवर आहे. प्रदर्शने बदलती असल्याने जाण्यापूर्वी चालू विषय पाहून घ्यावा.

जनुकबदल केलेले जिवाणू प्रेक्षकांच्या हाती देणारी दालने आपल्याकडे सर्रास का नाहीत, असेही विचारले जाते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार असे जीव हाताळणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते आणि ठरलेल्या परवानग्या घ्याव्या लागतात. विद्यापीठांना हे जमते. सुटीच्या दिवशी गर्दीने फुलणाऱ्या विज्ञान केंद्राला ते जड जाते.

शाळेची सहल न्यायची असल्यास तयारी काय करावी?

निदान अडीच तास ठेवावेत आणि एका दिवशी एकच दालन घ्यावे. पेशी, जनुक आणि प्रथिन हे तीन शब्द वर्गात आधी झालेले असावेत. फलक प्रायः इंग्रजीत, आणि बंगळुरूला कन्नडमध्येही असू शकतात. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी शिक्षकांनी दहा-बारा शब्दांची यादी करून नेली तर मुले मागे राहत नाहीत. परत आल्यावर ‘निबंध लिहा’ असे सांगण्याऐवजी वर्गात एकाच प्रश्नावर दोन बाजू पाडाव्यात.

प्रवास शक्य नसेल तर घरी किंवा वर्गात काही करता येईल का?

जगभरच्या संग्रहालयांत हमखास असणारा डीएनए काढण्याचा प्रयोग स्वयंपाकघरात होतो. पिकलेले अर्धे केळे कुस्करावे. अर्धा कप पाण्यात एक चमचा भांडी घासण्याचा द्रव साबण आणि दोन चिमटी मीठ फेस न होऊ देता मिसळून ते केळ्यात घालावे. साबणाने पेशींची स्निग्ध आवरणे फुटतात आणि मिठामुळे डीएनएचे रेणू एकत्र यायला मदत होते. दहा मिनिटांनी मिश्रण मलमलीतून उभ्या ग्लासात गाळून घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्रीजमध्ये चांगले थंड करून ग्लासाच्या कडेने अलगद ओतावे, म्हणजे ते वर वेगळे तरंगेल. हे काम मोठ्यांनी करावे आणि जवळ गॅस पेटलेला नसावा. काही मिनिटांत दोन थरांच्या मध्ये पांढरट तंतू दिसू लागतात व ते काडीवर गुंडाळून उचलता येतात. तो सगळा शुद्ध डीएनए नसतो. त्यात आरएनए, प्रथिने आणि केळ्यातील पेक्टिनही अडकलेले असते, म्हणूनच तो गोळा शेंबडासारखा लागतो. डीएनएचा एकेक रेणू मात्र डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो अब्जावधी रेणूंचा गुंता.